मडगार्डवरचा डाग

तुमच्या कपाटातल्या त्या अमेरिकन वीराच्या बाहुल्याच्या मोटारसायकलवर, पांढऱ्या मडगार्डच्या कडेला, चार मिलिमीटरचा लाल डाग आहे. त्यावर लिंबाचा थेंब टाकला, तर डाग पिवळा झाला. रंगपेटीतला रंग असा बदलत नाही. हळद बदलते.

खंडेनवमीला, वाहन म्हणून, तुम्हीच तिला हळद लावलीत. मुंबईचे संग्राहक बघायला येणार म्हणून परवा धुण्याच्या सोड्यानं पुसलीत. सोड्यानं हळद लाल होते. आपल्या शैलानं काही रंगवलं नव्हतं. तुमच्या भावानं पुतणीसाठी पाठवलेलं खेळणं तुम्ही तिच्या हातात एकदाही दिलं नाहीत, आणि काल त्या डागासाठी तिच्या बोटांवर पट्टी मारलीत.

"तू सायन्सवाली, बघून सांग की, किती मोलाचं हाय," म्हणाला होतात, म्हणून लिहिते. वीर अस्सल आहे, सांधे घट्ट आहेत, गाडी त्याच्याच संचातली आहे. डाग प्लॅस्टिकमध्ये मुरलाय, निघणार नाही. संग्राहक ते विकत न घेताच जातील. मग तुम्ही कपाटाला कुलूप लावून बघत बसा. त्याला मारलं तरी दुखत नाही, तुमच्या सोयीचं आहे.

भाकरी टोपलीत आहे.

वैरागच्या शाळेचं नेमणूकपत्र दसऱ्याआधीपासून माझ्या ट्रंकेत होतं. सकाळी शैलाची बोटं बांधताना तुमच्या आई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला एवढं काय लागतंय? दुखणं जाईल की दोन दिसांत."

मी म्हणाले, "आत्याबाई, आम्ही दोघी आज वैरागला जातोय. परत येणार नाही."