तुमचं अक्षर ओळखणारं मशीन

बाबा, ते मशीन अजून चालू होतं. गेल्या शुक्रवारी चार नवे सेल घालून बघितलं, तर हिरवट काच हळूहळू जागी झाली आणि मालकाचं नाव दाखवून थांबली. ते नाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, लिहावं. गोडाऊनमध्ये रिकाम्या खोक्यावर डिलिव्हरीची जुनी चलानं उलटी ठेवून लिहितोय. दुपारी एक ते चार इथलं काम बंद असतं, बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नाही, आणि वरचा पत्रा तापून अधूनमधून टक् असा वाजतो. तुम्हीही हा आवाज ऐकलाच असेल.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. बारावीत दुसऱ्यांदा गचकलो तेव्हा मी मिरजेहून हुबळीला जाणाऱ्या ट्रकमध्ये होतो, निकाल परत आल्यावर आईनं सांगितला. मग तुम्ही आखातातल्या तुमच्या शेठला गळ घातलीत, माझा व्हिसा काढलात, आणि देऱ्याच्या त्या दुकानात पहिल्याच सकाळी माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन स्वतः शेठच्या टेबलावर ठेवलात. सगळ्यांचेच पासपोर्ट शेठच्या तिजोरीत असायचे, तुमचाही पंधरा वर्षं तिथेच होता. पण मी तोंड वाकडं केलं. तेव्हा तुम्ही मला बाहेर जिन्यात नेलंत आणि म्हणालात, "तो तुझ्यापाशी राहिला तर तू राहणार नाहीस. राहू दे आत." जिन्यात वेलचीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, शेजारी मसाल्याचा व्यापारी होता ना. पुढे कितीतरी दिवस तो वास आला की मला तिजोरी आठवायची. अजूनही वेलचीचा चहा मला नको असतो, लोकांना वाटतं आवडत नाही.

आपली खोली ते दुकान, मध्ये एक गल्ली. खिडकी उघडली की समोरच्या एसीची गरम हवा तोंडावर. गच्चीवर गेलं तर खाडी दिसायची आणि खाडीत एकाला एक टेकून उभ्या लाकडी लाँचा, त्यांच्यावर फ्रीज, टायर, गाद्या चढत असायच्या. त्या गाद्यासुद्धा कुठेतरी निघाल्या होत्या. मी वर जाऊन तेवढंच बघायचो, आणि तुम्ही खालून हाक मारायचात, "यल्ला, चल, दुकान उघडायचंय."

अशात शेठनं त्या अमेरिकन मशीनची एजन्सी घेतली. पेननं काचेवर लिहायचं आणि मशीननं ते वाचून छापील अक्षरात दाखवायचं. पत्ते, अपॉइंटमेंट, चिठ्ठ्या, सगळं आत. खिशात मावतं असं खोक्यावर लिहिलेलं होतं, कुणाच्या खिशात ते लिहिलेलं नव्हतं. चांगली वीट होती. किंमत अडीच हजार दिरहम, म्हणजे पंचवीस हजार रुपये. एवढ्यात मिरजेत स्कूटर यायची. मशीन विकायचं काम तुमच्यावर आलं, कारण दुकानातल्या किमतीच्या सगळ्या पाट्या तुमच्या हातच्या. टेपरेकॉर्डर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी पाटी बघायचं. शेठ म्हणाला, जिसका अक्षर अच्छा, उसको दो. आणि मला तुमच्या हाताखाली घातलं.

आपलं स्वयंपाकघर तीन खोल्यांना मिळून एक. शुक्रवारी सकाळी बाकीचे झोपलेले असायचे तेव्हा तुम्ही ओटा कोरडा करून त्यावर फडकं अंथरायचात आणि मशीन ठेवायचात. शेगडीवर चहा, आणि तुम्ही उभ्यानं लिहिताय, एकच ओळ पुन्हा पुन्हा: उद्या दहाला मीटिंग, माल पोचता करा. सगळं इंग्रजीत, तिरक्या, घोटीव अक्षरात. मशीननं चुकीचं वाचलं की शब्दावर दोनदा टोचायचं, मग ती, तुम्ही मशीनला 'ती'च म्हणायचात, चार पर्याय दाखवायची, तुम्ही बरोबरचा दाखवायचात. "शिकतेय रे," तुम्ही म्हणायचात. मला उद्देशून हा शब्द तुम्ही कधी वापरल्याचं आठवत नाही. एकदा तुम्ही गंमत म्हणून मराठीत लिहिलंत, तिनं भलतंच इंग्रजी काढलं. "हिला मराठी येत नाही," तुम्ही म्हणालात, "शेठला तरी कुठे येतं? भागतंय ना." चहा उतू गेला होता. मी तो पुसला, एवढं आठवतंय, कारण त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत.

दोन महिन्यांत ती तुमचं अक्षर इतकं ओळखायला लागली की दुसऱ्या कुणाचंच ओळखेना. आपण दोघांनी केलेली चूक ती हीच. दाखवायचा पीस एकच आणि तुम्ही त्याला फक्त स्वतःचा हात शिकवलात. तुम्ही लिहिलंत की गिऱ्हाईक खूश, आणि त्यानं पेन हातात घेतलं की काचेवर नुसता कचरा. आपल्या स्टोअरचे मल्याळी भाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "एक पीस के साथ एक फादर फ्री देना पड़ेगा." तुम्ही एवढे हसलात की चष्मा काढावा लागला. एका अरब व्यापाऱ्यानं शांतपणे विचारलं, हबीबी, मी उजवीकडून लिहितो, हिला चालेल का? तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला, पुढच्या मॉडेलला. तो म्हणाला, मग पुढच्या मॉडेललाच भेटू. सहा महिन्यांत नऊ पीस गेले, त्यातले दोन परत आले.

मग एका मोठ्या ऑफिसचे खरेदीचे साहेब बघायला येणार असं ठरलं. पटलं तर दोनशे पीस. आदल्या दिवशी शेठ आपल्या दोघांसमोर म्हणाला, "ऑर्डर आया तो ठीक. नहीं तो यह लाइन खलास, लड़के का वीज़ा भी कैन्सल. मेरे पास फालतू कुर्सी नहीं है." तुमचा चेहरा उतरला. मी मात्र त्यातलं एकच ऐकलं. व्हिसा कॅन्सल म्हणजे पासपोर्ट बाहेर.

तुमचं सगळं ठरलेलं होतं. पेन साहेबांच्या हातात द्यायचंच नाही. साहेबांनी बोलायचं, तुम्ही लिहायचं, मी तेवढ्यात ज्यूस पुढे करायचा. सकाळी तुम्ही खजूर आणायला खाली गेलात. मशीन काउंटरवर होतं. त्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालायची आणि पॉवरचं बटण दाबून धरायचं. तिनं विचारलं, सगळं पुसायचं का? मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, नक्की? अमेरिकेत बसून कुणीतरी तो दुसरा प्रश्न मुद्दाम घातला असेल, माझ्यासारख्यांसाठी. मी पुन्हा हो म्हटलं. मग ती कोरी होऊन उठली आणि मालकाचं नाव लिहा म्हणाली, आणि मी माझं लिहिलं. डोकं लावून नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

साहेब आले, बसले. तुम्ही मशीन चालू केलंत. वर माझं नाव होतं. तुम्ही ते वाचलंत, मी बघत होतो. माझ्याकडे बघाल असं वाटलं, पण नाही बघितलंत. साहेब म्हणाले, लिहा, रविवारी नऊ वाजता मीटिंग. तुम्ही लिहिलंत. कचरा आला. पुन्हा लिहिलंत, सावकाश. मग पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढायला लागलात, ते तिरकं अक्षर तुम्ही सरळ उभं केलंत, तरी कचराच. एका वाक्यात सुटला असतात तुम्ही: मशीन कुणीतरी पुसलंय. पेन खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "सॉरी सर, आज मेरा हाथ ठीक नहीं है."

साहेब चांगले होते. खजूर खाऊन, तुमच्या खांद्यावर हात ठेवून गेले. ते गेल्यावर शेठ म्हणाला, "पंद्रह साल से इसी हाथ की पगार दे रहा हूँ मैं." मी ज्यूसचे ग्लास धुतले. चार होते, मी ते कितीतरी वेळ धूत होतो.

आठवड्यात माझा व्हिसा कॅन्सल झाला आणि तुम्हाला दुकानातून काढून इथे गोडाऊनला टाकलं, माल मोजायला. पाट्या कॉम्प्युटरवर छापायला लागले. एअरपोर्टवर तुम्ही मला पासपोर्ट दिलात, आईसाठी साबण आणि खारीक दिलीत, आणि पिशवीतून ते मशीन काढलंत. शेठनं भंगारात टाकायला सांगितलेलं. "ने," तुम्ही म्हणालात, "तुझ्याच नावावर आहे." एवढंच. मी ते घेतलं. काही बोललो असतो तर फ्लाइट चुकली असती असं नाही, चांगले दोन तास होते.

मिरजेत मी आठ दिवस टिकलो. मग मांडवीला गेलो, लाँचवर खलाशी लागलो. बंदरामागून बंदर: सलाला, बर्बेरा, पुन्हा मांडवी. वर्षाच्या आत ऐकलं की अमेरिकन कंपनीनं ते मशीन बनवणंच बंद केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, ते पडणारच होतं, माझ्या टाचणीनं काय होतंय. पुढे दुसरीच छोटी मशिनं आली, खरोखर शर्टाच्या खिशात मावणारी, आणि ती धो धो खपली. ती कुणाचं अक्षर शिकत नसत. त्यांचीच काही ठरलेली वळणं होती, ती माणसानं शिकायची. शिकले लोक, आठवड्यात. तुम्ही असतात तर चिडला असतात, आणि सगळ्यांच्या आधी शिकला असतात.

सलालाहून आईला फोन केला तेव्हा तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले होते. तुम्ही गेलात ते या गोडाऊनमध्येच, दुपारी, खोक्यांच्या मधल्या वाटेत. मला शोधायचं कुठे हेच कुणाला माहीत नव्हतं. मल्याळी भाईंनी पुढे सांगितलं, बॉडी पाठवायची तर पासपोर्ट कॅन्सल करावा लागतो, म्हणून शेठनं स्वतः तिजोरी उघडली. "फादर का ऐसे निकला," ते म्हणाले. मी त्यांना माझा कसा निघाला ते सांगितलं नाही.

त्यांनीच मला परत बोलावलं, व्हॅन चालवायला माणूस हवा होता. का आलो ते मला नीट सांगता येत नाही. कुठल्याच बंदरात मी चार महिन्यांच्या वर राहिलो नाही, आणि प्रत्येक ठिकाणी त्या विटेला सेल शोधत फिरलो. ती आता माझं अक्षर बऱ्यापैकी ओळखते. तुमच्यासारखं तिरकं काढलं की अडते.

ही चलानं मशीनच्या खोक्यात ठेवून देईन, दुसरीकडे कुठे टाकणार? एक राहिलं. शेठ थकलाय, आता त्याचा मुलगा बघतो. व्हिसा लागला त्या दिवशी तो म्हणाला, "पासपोर्ट अपने पास रखो भाई, अब वह पुराना सिस्टम नहीं." मी तीन दिवस तो खिशात ठेवला. तिन्ही दिवस संध्याकाळी गाडी उभी करून लाँचांपाशी जाऊन बसलो. चौथ्या दिवशी सकाळी जिना चढलो, वेलचीचा वास होताच, आणि पासपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, मैंने माँगा नहीं. मी म्हटलं, राहू दे आत.