झोळी कुठं बांधाची

माय,

लिहिण्यात चुका होतील, पाहून घेजो. चौथीतच शाळा सुटली माही, अन् ह्या टाईपाच्या मशीनवर एका बोटानं अक्षरं शोधा लागते, लय येळ जाते. बाया जेवाले बसल्या की मी कापसाच्या जिनाच्या हापिसात येतो. बायाचं म्हणणं टाईप कराले साहेबानं मले बसवलं. वाचता येणारी मीच होती.

साहेब कंपनीनं शहरातून पाठवलता, नव्या पद्धतीचा. नवी वस्तू एकदम कराची नाही म्हणे. पहिले वापरणाऱ्याले इचाराचं, मग बांबूचा सस्ता नमुना, मग तो एका रेच्यावर, सरकी काढाच्या मशीनवर, लावून पाहाचा, मग लोखंडाची करून साऱ्या रेच्याईले बसवाची. भिंतीवर त्यानं खणाची फळी ठोकली. एका कामाचा एक लाल ठोकळा. काम पुढं गेलं की ठोकळा पुढच्या खणात, कोणी खोट काढली की मागं. अन् पहिलं काम कोणतं घेतलं, तं रेचा फिरवाच्या पट्ट्याले जाळी. तू ज्याच्यात गेली तोच पट्टा. तुह्या मागं इतके वर्षं उघडाच होता.

मले तो दिवस अजून दिसते. तू रेच्यात कापूस घालून राह्यली, मी खाली सरकी खेळून राह्यली. भाऊ झोळीत रडते. तू झोका द्याले वाकते, अन् पदर तिकडं जाते. मशीन बंद झाली तं मले फक्त झोळीची दोरी करकरताना आयकू आली.

आता तुह्या जागेवर मावशी बसते. तिनंच आमाले वाढवलं. तिचंबी तान्हं झोळीत असते.

बांबूची जाळी पावसाळ्यात लावली. जिन बंद, बाया घरून रिकाम्या आलत्या, लेकरं घरी. साऱ्या म्हणे, चांगली हाय. साहेब खुश. मी टाईप करता करता थांबली.

"काय झालं मुली? बोल."

माह्याच्यानं मान वर होये ना. म्हटलं, "साहेब, झोळी कुठं बांधाची? खांब तं जाळीच्या मागं गेला."

जिनाचा मिस्त्री हासला. "आता पाळण्याचीबी मशीन करा साहेब!"

"बाया जाळीलेच बांधतीन," मी म्हटलं. "दुसरं काय हाय तिथं? लेकरू वजनदार झालं की जाळी वाकन, पट्ट्याले लागन. मग लेकरूच वढल्या जाईन."

साहेबानं लाल ठोकळा उचलला अन् पार पहिल्या खणात नेऊन ठेवला. "शाब्बास," म्हणे, "यालाच पद्धत म्हणतात. पुन्हा सुरुवातीपासून."

मले इतकं बरं वाटलं माय, घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग दिवाळी झाली. आर्णीकडच्या, महागावकडच्या कापसाच्या बैलबंड्या फाटकावर लागल्या अन् जिन सुरू झालं. कंपनीनं साहेबाले दुसऱ्या गावी पाठवलं. बांबूची जाळी मिस्त्रीनं चुलीत घातली. पट्टा तसाच उघडा, मावशी तिथंच, झोळी त्याच खांबाले.

मावशी रागावली. "वर्षभर तोंडातून शबद नाही निंगत तुह्या, अन् तेव्हाच काहून निंगला? वाकडी-तिकडी का होईना, जाळी असती ना व आज!"

"लेकरू गेलं असतं मावशी."

"अन् मी गेली तं?"

मी काय सांगू तिले? तूच सांग. रोज सकाळी मी तिचा पदर कमरेले दोन गाठी मारून बांधतो. ती म्हणते, पोट आवळतं का व पोट्टे. दिवसभर पट्ट्याचा आवाज जरा बदलला की मी वळून तिच्याकडं पाहातो.

हा कागद कुठं टाकाचा ते मले मालूम नाही. बायाचं म्हणणं ज्या कागदावर लिहाचं, त्याच्यावरच लिहिला. तुले कोणी इचारलंच नव्हतं ना.

एक सांगतो, कोणाले सांगू नको. परवा हापिसात कोणी नव्हतं. ठोकळ्यावर कापसाचं बारीक तूस साचलं होतं. मी ते पुसलं, अन् ठोकळा माह्या हातानं शेवटच्या खणात सरकवला. कोणाच्या ध्यानातबी आलं नाही. जाळी काही आली नाही.

आपल्या बकरीले काल तीन पिल्लं झाले. एक पुरं पांढरं हाय.