रोहित पक्ष्यांच्या काचा

मी, मानसिंग यशवंतराव शेडगे, वय एकसष्ट, लष्करातून निवृत्त सुभेदार, राहणार सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्याने शरीर थकले आहे, डोके शाबूत आहे. ते शाबूत नव्हते असे पुढे कोर्टात सांगण्याची ज्याला इच्छा होईल, त्याने आधी खालची डॉक्टरांची सही वाचावी.

कलम १. मला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ केरबा आणि मी यांच्या वाटण्या वडिलांच्या हयातीतच झाल्या. कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी तेव्हाच त्याला सोडून दिला, कारण मी पलटणीत होतो आणि तो तिथे राबत होता. ही गोष्ट तो हल्ली कोणाला सांगत नाही, म्हणून इथे लिहिली. खालील सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे.

कलम २. सातारचे राहते घर, परसू, भांडीकुंडी आणि शिल्लक रक्कम पत्नी रंगूबाई हिची. परसातली अंधारी खोली, जिथे मी फोटोच्या काचा धूत असे, तिने मोकळी करून सरपणाला वापरावी. मी तिथे परत शिरणार नाही.

कलम ३. माझ्या पश्चात रंगूबाईने दत्तक घेऊ नये. केरबाचा मुलगा अर्जुना याला तर मुळीच नाही. पोरगा वाईट नाही. पण त्याच्या नावाने हे घर केरबाच्या हातात जाईल, आणि ते मला मेल्यावरही सोसणार नाही.

कलम ४. भात्याचा कॅमेरा, तिपाई, लांब भिंग आणि पक्ष्यांच्या सर्व काचा सांगलीच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका लीलाबाई यांना द्याव्यात.

हा नाद मला बसऱ्याला लागला. पहिल्या लढाईत मी नकाशे काढणाऱ्या तुकडीत होतो. तिथल्या साहेबाजवळ कॅमेरा होता आणि दलदलीत बगळे होते. घरी परतल्यावर माझ्याबरोबरच्या लोकांनी बंदुकीचे परवाने काढले, मी कॅमेरा घेतला. गावाने पुष्कळ चेष्टा केली. माणसांचे फोटो काढले असते तर चार पैसे तरी सुटले असते, असे केरबा चारचौघांत म्हणे. मी सांगलीला कृष्णेच्या वाळवंटात टिटव्या आणि नदीसुरय टिपले, माळावर माळढोक टिपला, आणि थंडीत विट्याच्या पलीकडे दुष्काळात बांधलेल्या सरकारी तलावावर जाऊ लागलो.

रंगूबाई बरोबर येई. आम्ही पाण्याच्या कडेला गोणपाटाची खोपी करून तीत बसत असू. ती माझ्यापेक्षा स्थिर बसे. लीलाबाईही सुट्टीत यायच्या आणि वहीत चित्रे काढायच्या. एवढी माणसे या छंदात मला भेटली, आणि ती पुरेशी होती.

लीलाबाईंना एकच अट. त्यांनी फोटो कोणालाही दाखवावेत, पण तलावाचे नाव कोणाला सांगू नये, कुठे लिहू नये. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ५. तलावाच्या पूर्वेची माझी माळजमीन, विहिरीसह, बनाबाई या धनगर विधवेला द्यावी. हिचा माझ्याशी संबंध काय, हे केरबाने गावभर आपल्या शब्दांत सांगितले आहे. आता माझ्या शब्दांत.

त्या तलावावर थंडीत रोहित उतरत. उंच, लांब पायांचे, पंखाखाली कुंकवासारखे लाल. बनाबाई त्यांना नुसती तांबडी पाखरं म्हणे. तिचा मेंढवाडा काठावर होता आणि आम्ही गेलो की भाकरी तिच्याच चुलीवर होई. बऱ्याच खेपा वाया गेल्यावर एकदा मला सगळा थवा एका काचेवर मिळाला. तो फोटो मोठा करून मी केरबाला दिवाळीत भेट दिला, खाली तलावाचे नाव घालून. त्याने तो माजघरात लावला. साळूबाई त्याला रोज पुसून ठेवी असे रंगूबाई सांगे. साळूबाई ही केरबाची बायको आणि रंगूबाईची सख्खी धाकटी बहीण. आम्हा दोघा भावांना एकाच घरातल्या मुली दिल्या आहेत.

पुढे दुसरी लढाई लागली आणि केरबाला लष्कराच्या गुळाचा ठेका हवा झाला. तो फोटो भिंतीवरून काढून त्याने ठेका देणाऱ्या साहेबाच्या छावणीत नेला. साहेबाला शिकारीचा शौक होता. सन १९४१ च्या जानेवारीत केरबा स्वतः वाट दाखवत बंदुका घेऊन तलावावर आला.

रंगूबाई आणि मी उजाडण्यापूर्वीच खोपीत बसलो होतो. आमची गाडी बाभळीखाली सोडलेली होती. बैल केरबाच्याच गोठ्यातले होते, मी त्याच्याकडून मागून आणले होते. आम्ही तिथे आहोत हे आपल्याला माहीत नव्हते, असे तो आजवर सांगत आला आहे. स्वतःचे बैल न ओळखणारा शेतकरी मी दुसरा पाहिला नाही.

पहिला बार आमच्या डोक्यावरून गेला. दुसऱ्या बाराचे छर्रे गोणपाटातून आत आले. रंगूबाईच्या उजव्या दंडात ते घुसले. ती ओरडली नाही. मी बाहेर येऊन हात वर केले तेव्हा पाण्यात पक्षी तडफडत होते आणि उरलेले धावत होते, कारण रोहिताला उडायला आधी पाण्यावर धावावे लागते. बंदुका परत भरल्या जात होत्या. तेवढ्यात बनाबाईने सगळी मेंढरे तलावात घातली आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, बंदुकांच्या आणि पक्ष्यांच्या मध्ये, येऊन उभी राहिली. साहेबाने बंदूक खाली केली. थवा उठला आणि दक्षिणेला गेला.

मग केरबा हसत माझ्याजवळ आला. रंगूबाईने दंडावर पदर घट्ट धरला होता. तो म्हणाला, “दादा, आता आलाच हायसा तर सायबांचा एक फोटू काढा की. पाखरं वळीनं मांडतो.”

मी तिपाई मिटली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

रंगूबाईचे छर्रे मिरजेला काढले. तिची दोन बोटे अजून मिटत नाहीत. केरबाला ठेका मिळाला. बनाबाईची मेंढरे सरकारी पाणी घाण केल्याबद्दल कोंडवाड्यात गेली, आणि ती तक्रार कोणी केली हे त्या गावात विचारावे लागत नाही. तिथे निम्मी मेंढरे मेली, मेंढवाडा मोडला, ती कवठे महांकाळकडे भावाच्या दारात जाऊन राहिली. त्यानंतर मी ही माळजमीन विकत घेतली. बनाबाईला निरोप पाठवला की इथे परत ये. तिने कळवले की दुसऱ्याच्या जमिनीवर आता बसणार नाही. म्हणून जमीन तिच्या नावाने करून देत आहे. बंदुकांसमोर उभी ती राहिली, मी फक्त हात वर केले होते.

रोहित पुढच्या थंडीत आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. लढाईत काचाही मिळेनाशा झाल्या. मी दर थंडीला रिकामा जाऊन काठावर बसून आलो.

कलम ६. केरबा यशवंतराव शेडगे याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. गेल्या महिन्यात माझे दुखणे वाढल्याचे ऐकून तो आला होता. दाराशी उभा राहून म्हणाला, “पाखरंच ती, दादा. त्यापायी किती वर्सं धरून बसणार?” मी भिंतीकडे तोंड केले. पाखरांपायी नव्हे, हे त्याला सांगण्याची मला गरज वाटली नाही. तिरडीला त्याचा खांदा नको. अग्नी अर्जुनाने द्यावा. त्याने नाकारले तर डॉक्टरांनी द्यावा.

कलम ७. मृत्युपत्र इथे संपले होते. रिवाज म्हणून मी ते रंगूबाईला वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकले. मग विचारले की यात साळूचे नाव कुठे आहे. मी म्हटले, ती केरबाची बायको.

ती म्हणाली, “आवं, माझी भैन हाय ती. बंदूक तिनं न्हवती धरली. छर्रं माझ्या दंडात घुसलं, तुमच्या न्हाई. मी काय धरून बसले न्हाई, मग तुमी माझ्या वाटंचं का धरलंसा?”

तिने चुलीवरचे आधण उतरवले. एवढ्या वर्षांत तिने बहिणीला एकदाही घरी बोलावले नाही. बोलावू नको असे मी कधी म्हटले नव्हते. म्हणावे लागले नाही.

तरी हे कलम जोडतो. माझा दहावा झाल्यावर रंगूबाईने साळूबाईला या घरी आणावे, हवे तितके दिवस ठेवून घ्यावे, घर रंगूबाईचे आहे. साळूबाईला पोचवायला केरबा गाडी घेऊन आला, तर गाडी रस्त्यावरच थांबवावी. बैलांना पाणी द्यावे.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, वाचून आणि समजून सही करत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र नाही, आणि यानंतर करण्याइतके श्वास बहुधा नाहीत.

(सही) मानसिंग यशवंतराव शेडगे, निवृत्त सुभेदार

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. डॉ. वामन गणेश पटवर्धन, सातारा. सही करणारे गृहस्थ शुद्धीवर आहेत, हे मी तपासून लिहितो.
२. गुंडा भाऊ निकम, निवृत्त हवालदार, सातारा.

मुक्काम सातारा, सोमवार, तारीख ९ डिसेंबर १९४६.