टाकीवरचा तळहात

मंगळवार, ११ मार्च. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. पंपघरात पेन्सिलीला टोक करत होतो.

प्रिय मिस्तरीकाका,

आत्ता टाकीतल्या पाण्यावरचं ऊन छतावर हलतं आहे. तुम्ही म्हणायचात, आपण दोघं तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी आपलीच पातळी मोजतंय. तुम्ही रजेवर गेल्यापासून मला सारखं तसंच वाटतं. पंपाचा आवाजसुद्धा कुणाच्या तरी झोपेतून आल्यासारखा येतो.

ऑपरेशननंतरची डोळ्यांची पट्टी कधी सुटणार? तोवर हे पत्र तुमच्या घरच्या ताईच वाचून दाखवतील, म्हणून अक्षर जपून काढतो आहे. ताई, मध्येच थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

मला कार्यालयाची नोटीस आली आहे. आरोप दोन: पातळीच्या नोंदींची पानं बदलली आणि सहकाऱ्याची सही केली. गुरुवारी पाचच्या आत लेखी उत्तर द्यायचं, नाहीतर काम गेलं. साहेब म्हणाले, "मिस्तरीचं अक्षर एवढं देखणं कधीपासून झालं रे?" मी नोटीस घडी करून खिशात घातली. सातवी शिकलेला मी, नावापुरता कारकून, उत्तराचे चार कागद फाडून झाले.

काका, तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरचे आकडे दिसेनासे झाल्यावर तुम्ही टाकीच्या पत्र्यावर तळहात फिरवायला लागलात. पाणी असेल तिथवर पत्रा गार, त्याच्यावर कोमट. तिथं बोट टेकवून म्हणायचात, "एक मीटर वीस! बघतोस काय कारकुना, चहा आण." मी जाता जाता नळी बघायचो. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. पण लिहिताना तुमचे आकडे रेघ सोडून उतरायचे, एकमेकांच्या अंगावर झोपायचे. मग जेवणाच्या सुट्टीत मी नवं पान घेऊन सगळं उतरवायचो आणि खाली तुमची सही करायचो. तुम्ही विचारायचात, "पान नीट आहे ना रे?" मी म्हणायचो, एकदम आरशासारखं.

तुमची मूळ एक्केचाळीस पानं माझ्या ट्रंकेत आहेत. ती दाखवली तर आकडे जुळतील आणि मी सुटेन. पण मग तुम्हाला दिसत नव्हतं, हेही साहेबांना दिसेल. निवृत्तीला तुमचे सातच महिने राहिलेत.

पाचव्या कागदावर एवढंच लिहिलं आहे. पानं मी उतरवली. सही मी केली, ती माझी चूक. आकडा एकही बदललेला नाही. चौथी ओळ, का उतरवली त्याची, मोकळी सोडली आहे. ती तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर कोरीच देईन, मनात काही ठेवणार नाही. पत्र चौकीदाराच्या हाती देतो आहे, उद्या तुमच्याच गल्लीतून कामावर येताना तो उत्तर घेऊन येईल. हो म्हणणार असाल तर ताईंकडून दोन ओळी लिहून घ्या. खाली सही मात्र तुमची तुम्हीच करा. रेघ सोडून गेली तरी चालेल.

तुमचाच,
कारकून