मान हलवणारा म्हातारा

फोर्ट बर्थोल्ड, नॉर्थ डकोटा
१४ मार्च १९९४

चि. लॉयड यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. थंडी अजून हटायला तयार नाही आणि माझे गुडघे तिच्याच बाजूचे.

शनिवारी व्हर्नाच्या घरी आम्ही सातजणी ती अंतराळातली मालिका बघायला जमलो. आपल्यासारख्याच आदिवासी लोकांची गोष्ट दाखवणार आहेत, चुकवू नका, असं मी जिथे रांधते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्वयंपाकघरात येऊन बजावलं होतं. चुकवली असती तर बरं झालं असतं.

कुठल्याशा ग्रहावर नदीकाठी गाव. दोन राज्यांचा तह होतो, सीमेची रेघ गावावरून जाते आणि यानाचा कप्तान सांगायला येतो की तीन दिवसांत गाव सोडा. कप्तानाला फार वाईट वाटतं. इतकं की निम्मा वेळ त्याचं वाईट वाटणंच चालू होतं. तो खिडकीशी उभा राहतो, जेवणाला हात लावत नाही, सुस्कारे सोडतो. व्हर्ना म्हणाली, त्याच्या अंगावर कुणीतरी पांघरूण घाला गं.

गावातल्या एकाही बाईला तोंड नाही. मका कुणी काढायचा, बियाणं कुणी बांधून घ्यायचं, पुरलेल्या माणसांचं काय, एका शब्दाने कुणी विचारत नाही. शेवटी गावातला म्हातारा कप्तानाच्या डोळ्यांत बघतो, शांतपणे होकाराची मान हलवतो आणि अख्खं गाव उजेडाच्या झोतात चढून चालू लागतं. पलीकडे याहून हिरवा ग्रह तयारच. आपलं खोरं धरणात गेलं तेव्हा आपल्याला काय मिळालं? वाऱ्याचं माळरान आणि गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत असलं विहिरीचं पाणी.

असल्या फालतूपणासाठी मी शाई खर्च करत नाही. कारण वेगळं आहे. त्या म्हाताऱ्याला पांढरे केस चिकटवले होते, पण कान आपल्या बाबांचे होते. व्हर्ना म्हणते तो तू. मी म्हटलं, माझा भाऊ स्टुडिओत सुतारकाम करतो, माना हलवत नाही. तू नाहीस असं लिही, म्हणजे मी तिच्यासमोर पत्र आपटीन.

लोभ आहे. पुढे किती उरेल ते तुझ्या उत्तरावर.

अर्डिस


लॉस एंजेलिस
२३ मार्च १९९४

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पत्र आपटू नकोस. तो मीच.

आधी मी ते गाव बांधलं. घरं कसली म्हणून विचारू नकोस. एका जमातीचं छप्पर, दुसरीच्या भिंती, तिसरीची शिडी. नदीकाठी असली घरं पहिल्या पुरात विरघळतील, असं मी म्हटलं. एक बाई जाणकार म्हणून नेमली होती. तिने वही उघडून मला समजावलं की माझे लोक कशा घरांत राहत. ऐकून घेतलं. तिला वाटलं मी भारावलो.

मग ठरलेला नट आला नाही आणि दिग्दर्शकाची नजर करवत धरलेल्या माझ्यावर पडली. म्हणाला, वा, हा चेहरा! पन्नाशीच्या माणसाला ऐंशीचं केलं. मी सांगितलं, असं कुणी मान हलवत नाही हो. तो म्हणाला, प्रेक्षकांना हलकं होऊन झोपायला जायचं असतं. अकरा वेळा मान हलवून घेतली. त्यातल्या सात वेळा कप्तानाच्या डोळ्यांत पाणी येईना म्हणून. दुसऱ्या दिवशी मीच गाव पाडलं. फळ्या कापून त्यांचा एक दवाखाना केला, पुढच्या भागासाठी.

हसायचं तर हस. पण ताई, मला शिकवू नकोस. धरणाच्या वेळी आपलं लाकडी घर उचलून ट्रकवर ठेवलं तेव्हा बाबा तरी काय बोलले? तेही गप्पच उभे होते. मी पाहिलंय.

कळावे, राग निवला की चार ओळी टाकाव्यात.

लॉयड


फोर्ट बर्थोल्ड
२ एप्रिल १९९४

लॉयड,

आशीर्वाद गृहीत धर. आज लिहायला हात वळत नाही.

तू नऊ वर्षांचा होतास. नव्या गावातल्या विजेच्या दिव्यांचं तुला वेड लागलं होतं. तू ट्रक पाहिलास, मी त्याआधीचं पाहिलंय. जमीन सोडण्याच्या संमतीच्या कागदावर सही करायला बाबांना तीनदा बोलावलं. दुभाषी म्हणून मी बरोबर होते, पंधरा वर्षांची. तिन्ही वेळा ते स्वच्छ सदरा घालून गेले, खुर्चीत बसले, लेखणीला हात न लावता उठले. साहेबाने मला विचारलं, हे गप्प का? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला सांग, मी नाही म्हणतोय." त्यांच्या नावापुढची जागा आजही कोरी आहे. मी मोठेपणी जाऊन पाहिली. घर उचललं ते त्यांना न विचारता.

गप्प बसणं आणि मान हलवणं यात एवढा फरक आहे. तू बाबांचे कान घेऊन गेलास आणि फुकट घालवलेस.

आता ऐक. मुख्याध्यापकांनी त्या भागाची टेप मिळवली आहे. मे महिन्यात मुलांना दाखवणार, आपला इतिहास म्हणून! आणि पाहुणा म्हणून तू. तिकीट पाठवताहेत. येऊ नकोस असं लिहायला बसले होते. आता लिहिते, ये. पण मुलांना खरं सांगता येणार नसेल तर तिकीट परत पाठव. आईच्या मातीला आलास तोही एका दिवसासाठी. मला वाट बघायची सवय आहे.

अर्डिस


लॉस एंजेलिस
९ एप्रिल १९९४

ती. ताईस सा. न.

कोऱ्या जागेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. येतो.

लॉयड


फोर्ट बर्थोल्ड
२१ मे १९९४

चि. लॉयड यास,

मनापासून आशीर्वाद. विमान चुकलं नाही ना? व्हर्ना गाडी म्हशीसारखी हाकते.

तू निघालास आणि पुढचं तुला कळलंच नाही, म्हणून घाईने लिहिते. तू टेप थांबवून मुलांना सांगितलंस की हा म्हातारा मी आणि हे खोटं आहे. मग बाबांचं सांगितलंस, तेव्हा मी दारात हातात झारा घेऊन उभी होते. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला होता. शेवटी तू विचारलंस, तुम्ही त्या गावात असता तर काय केलं असतं, करून दाखवा. आणि घड्याळ बघून पळालास.

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग चौथीतली रोझेला जमिनीवर बसली. तिच्याशेजारी दोघी. पाच मिनिटांत अख्खी शाळा फरशीवर. जेवणाची घंटा झाली, कुणी उठेना. मुख्याध्यापकांनी आधी कौतुक केलं, मग समजावलं, मग आवाज चढवला. माणूस वाईट नाही, पण कप्तानासारखा सुस्कारा सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुम्ही सांगा, सूप गार होतंय, उठा म्हणावं.

मी मक्याच्या सुपाचं पातेलं उचललं आणि मुलांमध्ये नेऊन ठेवलं. खाली बसून सगळ्यांना वाढलं. गुडघ्यांनी तक्रार केली, मी ऐकली नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाढत राहिले.

पोरं सव्वादोनपर्यंत बसली. मग रोझेलाला वाटलं आता पुरे, तेव्हा सगळी आपल्या मर्जीने उठली, वाट्या धुऊन ठेवल्या आणि वर्गात गेली.

हे त्या मालिकावाल्यांना सांगू नकोस. घाण करतील.

जुलैत जूनबेरीची फळं पिकतील. पंधरा दिवसांची रजा काढ, एका दिवसाची नको. लोभ आहे, सगळा आहे.

तुझी
अर्डिसताई