शेळ्यांतला मुक्काम

११ नोव्हेंबर १९७४
आजपासून मुक्काम शेळ्यांच्या कोठ्यात! जालन्याच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, सुया अन् गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतोच आहे. पण आईनं तातेराव वैद्यांनाही बोलावलं. ते म्हणे — ग्रंथात हाय, क्षयवाल्यानं शेळ्यांत झोपावं. शेळीचं दूध, शेळीचं तूप, मटणाचा रस्सा. आणि अंगाला चोळायला — मूत! मी शाळेत विज्ञान शिकवतो. कपाळाला हात लावला.

तरी कबूल झालो. बेबीनंदा दोन वर्षांची. घरात झोपलो तर पोरगी अंगावर येऊन पडते.

१९ नोव्हेंबर
सुयांनी ढुंगणाचा दगड झाला. शेळीनं सदरा खाल्ला.

२ डिसेंबर
चांगुणा ताट फाटकाशी ठेवते अन् मागं सरते. बायकोचं बराबर आहे, मीच तसं बजावलंय. बेबीनंदा तिच्या कडेवरून "बाबा, बाबा" करत होती. मी तोंडाला टॉवेल लावून नुसती मान हलवली. त्या गेल्यावर रडलो.

१५ डिसेंबर
आत येणारे एकटे वैद्य. रोज संध्याकाळी. गुडघ्याला गुडघा लावून बसतात, नाडी धरून अर्धा तास गप्पा. "थोडं लांब बसा," म्हटलं. "मास्तर, लांबून नाडी कळत न्हाई!" यांच्याच वडलांनी माझ्या आजाच्या हातात पुडी वरून टाकली होती, विटाळ नको म्हणून. मूत मात्र मी चोळू देत नाही. त्यावरून रोज भांडण!

६ जानेवारी १९७५
वजन चार किलो वाढलं. मी म्हणतो सुया, वैद्य म्हणतात शेळी. "तुमची सुई बी असंल, पर दूध कुणाचं?" खरं सांगायचं तर मलाही आता छातीठोक सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी
थुंकीत जंतू नाहीत! डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडू नका, पण घरी झोपा. आधी पोरीला उचलणार. मंग बाकी सगळं.

१३ फेब्रुवारी
सकाळी बेबीनंदाला कडेवर घेऊन दारात उभा होतो. वैद्य आले, रस्त्यातच थांबले. मी हाक मारत पुढं गेलो तर ओरडले — "जवळ येऊ नका, पोरगी हाय!" तिथूनच धोतराचा सोगा उघडून दाखवला. रक्त.

"महिना झाला खोकून राह्यलो, मास्तर. तुमच्या त्या दवाखान्यात मला नेता का?"

माझंच लागलं त्यांना. दुसरं कुणाचं लागणार?

उद्या पहिल्या एसटीनं दोघं जातो.