विमान आणि माझी कात्री

४ मार्च
ह्यांनी विमान आणलं! प्लास्टिकचं, सुटे भाग जोडायचं. साठी ओलांडलेला माणूस, डोळ्यांची ही बोंब, आणि खेळणी! मी चांगली फैलावर घेणार होते, पण डबा असा छातीशी धरून उभे की हसूच फुटलं. म्हणाले, "नजर पुरती जायच्या आत हे एक उभं करतो. बघायचंय गं मला." मग शिवणाचं टेबल अर्धं रिकामं करून दिलं.

५ मार्च
डब्यातून प्लास्टिकच्या चौकटी निघाल्या. A, B, C. प्रत्येकीत बारीक दांड्यांना तुकडे लटकलेले, शेजारी इवलासा आकडा. पण क्रमाने असतील तर शपथ! तीनच्या शेजारी एकतीस. "बनवणाऱ्याला अक्कल नाही," हे म्हणाले. मला मात्र चटकन कळलं. मोठ्या तुकड्याच्या कुशीत छोटा बसवलाय, जागा वाया जाऊ नये म्हणून. कापड बेतताना मी तेच करते की! हे ऐकून असे काही बघत राहिले माझ्याकडे — लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं तसं.

९ मार्च
एका बैठकीत दोन तुकडे. भिंग लावूनही! कसं व्हायचं?

१२ मार्च
घात केला मी.

दुपारी हे झोपले होते. म्हटलं, जरा हातभार लावू. शिवणात आधी सगळं कापून घ्यायचं आणि मग जोडायला बसायचं, जन्माची सवय! कटाकट सगळे तुकडे सोडवले, स्वच्छ धुतले, रिकाम्या चौकटी कचऱ्याच्या गाडीत. हे उठल्यावर मोठ्या तोऱ्यात डबा पुढे केला. ह्यांनी चाचपला. तोंडच उतरलं.

"अगं, आकडे?"

आकडे चौकटीवर असतात. तुकड्यावर नसतात! रागावलेसुद्धा नाहीत. त्यानेच जास्त रडू आलं.

१३ मार्च
"राहू दे आता," म्हणतात. राहू दे कसलं! डब्यातल्या माहितीच्या कागदावरच्या चित्राशी एकेक तुकडा ताडून बघतेय. डावी-उजवी बाही नुसत्या नजरेने ओळखणारी बाई मी, मला पंख ओळखता येणार नाहीत? सापडला की ह्यांच्या डोळ्यांपुढे धरते. "हाच ना?" "हाच! अगदी हाच!" मी गोंद लावते, हे दाबून धरतात.

२० मार्च
गिऱ्हाइकं खोळंबलीत. खोळंबू देत. चाकं बसली!

२ एप्रिल
उभं राहिलं! हे खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत होते. "झकास!" म्हणाले. वेळेत झालं बाई. बघायला मिळालं त्यांना.

३ एप्रिल
डोळ्यांची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं बारीक ह्यांना बरेच दिवस दिसतच नसणार. म्हणजे मी धरलेला एकेक तुकडा, "हाच, अगदी हाच" — न बघताच! बाहेर बाकावर बसवून जाब विचारला.

"तू इतकी रंगली होतीस," म्हणाले. "आणि उडवायचंय कुठे गं ते विमान!"